वाय म्हणजे मुलगा? थांबा जरा!

मानकापूरच्या क्रीडा संकुलात सकाळी पळायला जात असाल, तर एक गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. तिथं पदकाच्या मागं धावणाऱ्यांपेक्षा भरतीच्या मागं धावणारे जास्त असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग १०० मीटर, मग गोळाफेक. सेकंद वाचवायचे, मार्क वाढवायचे. पोट्टे-पोट्ट्या वर्ष-वर्ष घालवतात यात. सगळ्याची प्रॅक्टिस होते, फक्त शेवटच्या पायरीची होत नाही. ती पायरी म्हणजे वैद्यकीय तपासणी.

नाशिक ग्रामीण पोलिसांच्या २०१८ च्या भरतीत एका मुलीचं नेमकं इथंच अडलं. लेखी पास, मैदानी पास. वैद्यकीय तपासणीत कळलं की तिला गर्भाशय आणि अंडाशय नाहीत. पुढं गुणसूत्रांची तपासणी झाली आणि तिच्या रिपोर्टनं सांगितलं की ही ‘पुरुष’ आहे! जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेली, शाळेच्या दाखल्यापासून सगळ्या कागदांवर मुलगी असलेली. तिला स्वतःलाही यातलं काही माहीत नव्हतं. आता विचार करा, तुमच्या हातात असा रिपोर्ट आला तर तुम्ही कोणाला विचारणार? मैत्रिणीला? गुगलला?

ही गोष्ट आज आठवायचं कारण वेगळं आहे. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं १ सप्टेंबर २०२५ पासून नियम केला, की महिला गटात आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायची तर आयुष्यात एकदा जीन टेस्ट द्यायची. गालाच्या आतून नमुना घ्यायचा किंवा रक्त काढायचं आणि एकच गोष्ट शोधायची: एसआरवाय नावाचा जीन आहे की नाही. टोकियोच्या विश्वस्पर्धेपासून हे लागू झालं. टेस्ट साधी आहे, उत्तरही ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं सरळ. मग भांडण काहून? तर ते समजायला हा जीन काय काम करतो ते नीट बघावं लागेल. शाळेत आपल्याला याची अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

शाळेतली गोष्ट तुम्हाला पाठ आहे. आईकडून एक्स, बाबांकडून एक्स किंवा वाय. एक्सएक्स म्हणजे मुलगी, एक्सवाय म्हणजे मुलगा. परीक्षेला दोन मार्क. हे खोटं नाही. मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्या प्रत्येक घरात ही आकृती फ्रेम करून लावायला हवी, कारण एक्स की वाय हे शुक्राणूतून ठरतं, आईच्या हातात त्यातलं काहीच नसतं. पण वायमध्ये असं आहे तरी काय, की त्याच्यामुळं मुलगा होतो? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही कित्येक वर्षं सुटत नव्हता.

सहा आठवड्यांच्या गर्भात डोकावलात तर तुम्हाला मुलगा-मुलगी काही ओळखता येणार नाही. मूत्रपिंडाजवळ दोन छोट्या कडा असतात. त्यांचं पुढं वृषण होऊ शकतं, अंडाशयही होऊ शकतं. दोन्ही रस्ते मोकळे असतात. शेजारी दोन नळ्यांच्या जोड्याही तयार असतात, एक पुरुषाच्या सामानासाठी आणि एक स्त्रीच्या. अल्फ्रेड जोस्ट या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात आईच्या पोटातल्या सशाच्या गर्भावर शस्त्रक्रिया करून या कडा काढून टाकल्या. पुढं जन्मलेल्या पिल्लांची शरीरं सगळी मादीसारखी घडली, ज्यांच्यात वाय होता त्यांचीसुद्धा. म्हणजे वाय थेट शरीर घडवत नाही. तो फक्त वृषण बनवायला लावतो, बाकीचं काम वृषण करतं. मग शोध सुरू झाला तो वायमधल्या त्या एका सूचनेचा.

या शोधात आपला एक माणूस होता आणि आपल्या जंगलातला एक सापही. लालजी सिंह हे नाव ऐकलंय? भारतातल्या डीएनए फिंगरप्रिंटिंगचे जनक. हैदराबादच्या सीसीएमबीत येण्याआधी ते एडिंबरात पट्टेरी मण्यारीच्या डीएनएवर काम करत होते. हो, तीच पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, जी गोंदिया-गडचिरोलीकडं दिसते. मादी मण्यारीच्या लिंग-गुणसूत्रावर डीएनएचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, असं त्यांना दिसलं. तसाच तुकडा उंदराच्या वाय गुणसूत्रावरही सापडला. १९८२ मध्ये त्यांचा आणि केन जोन्स यांचा निबंध आला, तेव्हा काही काळ वाटलं की गुपित इथंच असावं. तसं निघालं नाही. पण तोच तुकडा पुढं माणसा-माणसातला फरक ओळखायला कामाला आला आणि त्यावर आपल्याकडचं डीएनए फिंगरप्रिंटिंग उभं राहिलं. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड पेज यांच्या गटानं दुसराच एक जीन पुढं केला. तोही दोन-तीन वर्षांत बाद झाला.

खरा जीन सापडला जुलै १९९० मध्ये, लंडनमध्ये. शोधणाऱ्यांत अँड्र्यू सिंक्लेअर, पीटर गुडफेलो, रॉबिन लव्हेल-बॅज ही मंडळी होती. त्यांनी एक हुशारीची वाट धरली. काही पुरुष एक्सएक्स असतात, म्हणजे वाय नसतानाही पुरुष. त्यांच्यात बापाच्या वायचा एक इवलासा तुकडा एक्सवर चुकून चिकटलेला असतो. तो तुकडा जितका लहान, तितकी शोधायची जागा लहान. असं करत करत एकच जीन उरला. तो एसआरवाय. पुढच्याच वर्षी याच मंडळींनी तो जीन एक्सएक्स उंदरांच्या गर्भात घातला आणि त्यातून नर जन्माला आला. त्या उंदराचा फोटो ‘नेचर’च्या मुखपृष्ठावर झळकला. पुरावा यापेक्षा काय पाहिजे!

आता या जीनचं काम बघा. एसआरवायपासून जे प्रथिन बनतं ते २०४ अमिनो आम्लांचं, म्हणजे तसं छोटंच. ते स्वतः काही बांधत नाही. ते डीएनएला जाऊन चिकटतं, त्याला वाकवतं आणि दुसरे जीन चालू करतं. अशा प्रथिनांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. नाव भारी वाटतं, पण काम मुकादमाचं आहे. मुकादम विटा उचलत नाही, कोणी कुठं हात लावायचा ते सांगतो.

आणि हा मुकादम अगदी थोडा वेळ साइटवर असतो. उंदरात जेमतेम दोन दिवस. माणसात गर्भाच्या साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात. तुमच्या गाडीचा स्टार्टर आठवा. बटण दाबलं, इंजिन धरलं, की स्टार्टरचं काम संपलं. इथं इंजिन म्हणजे सॉक्स-नाइन नावाचा दुसरा जीन. तोही ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच बनवतो, पण तो वायवर नाही, १७ नंबरच्या गुणसूत्रावर आहे. म्हणजे तो मुलींमध्येही असतो! फक्त त्यांच्या अंडाशयात तो थंड पडलेला असतो. एसआरवायनं एकदा त्याला धक्का दिला की सॉक्स-नाइन स्वतःच स्वतःला चालू ठेवतो. मग कडांमधल्या पेशी सर्टोली पेशी होतात आणि वृषण आकार घेऊ लागतं. सर्टोली पेशी एक हार्मोन सोडतात, त्यानं गर्भाशयाकडं जाणाऱ्या नळ्या विरून जातात. शेजारच्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन सोडतात, त्यानं पुरुषाच्या नळ्या टिकतात.

या धक्क्याची जागा कुठं असावी? २०१८ मध्ये लव्हेल-बॅज यांच्याच गटानं सांगितलं की उंदरात सॉक्स-नाइनपासून ५ लाख ६५ हजार अक्षरं दूर डीएनएचा एक छोटासा पट्टा आहे, फक्त ५५७ अक्षरांचा. तो दोन्ही प्रतींमधून काढून टाकला तर एक्सवाय उंदरांना वृषणाऐवजी अंडाशय येतं. एसआरवाय ठणठणीत, सॉक्स-नाइन ठणठणीत, फक्त मधला स्विच नाही. झिरो माइलवर बटण आणि दिवा पार कामठीत, असा प्रकार. डीएनए घड्या घालून बसतो म्हणून त्यात वायर पुरते, एवढंच.

उलट बाजूही गप्प बसलेली नसते, हे पुस्तकात अगदीच राहून जातं. ‘पुरुषाची सूचना आली नाही की आपोआप मुलगी’ असं आपण समजतो. तसं नाही. अंडाशय बनवायलाही जीन राबतात आणि ते सॉक्स-नाइनला दाबून ठेवतात. त्यातला एक फॉक्स-एल-टू. २००९ मध्ये मोठ्या झालेल्या मादी उंदरांत तो बंद केला, तर त्यांच्या अंडाशयातल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या होऊ लागल्या. मग २०११ मध्ये नरांमधला डीएमआरटी-वन बंद केला, तर वृषण अंडाशयाकडं झुकू लागलं. प्रौढ उंदरांत! म्हणजे सहाव्या आठवड्यात जी रस्सीखेच सुरू होते ती तिथं संपतच नाही, जन्मभर दोर ताणलेलाच असतो.

एवढी साखळी लक्षात घेतली की पुढचं आपसूक कळतं. साखळीची कुठलीही कडी तुटू शकते.

एसआरवायमध्येच बिघाड असेल तर गुणसूत्रं एक्सवाय, पण वृषण बनत नाही. शरीर मुलीचं घडतं, गर्भाशयही असतं, फक्त अंडाशयाच्या जागी धाग्यासारख्या पट्ट्या असतात. याला स्वायर सिंड्रोम म्हणतात. पाळी येत नाही, तेव्हाच कळतं. सॉक्स-नाइनची दोनपैकी एक प्रत बिघडली तर हाडं वाकडी होणारा गंभीर आजार होतो आणि त्यातली बरीच एक्सवाय बाळं मुलीसारखी जन्मतात. १९९४ मध्ये याच आजारानं सॉक्स-नाइनचा वृषणाशी असलेला संबंध उघड केला. तिसरा प्रकार एआयएस. इथं एसआरवाय उत्तम, वृषणही बनलेलं, पण पोटातच राहिलेलं, टेस्टोस्टेरॉनही भरपूर. मात्र शरीराच्या पेशींना ते ऐकूच येत नाही. आकाशवाणी सुरू, घरातला रेडिओ बंद. अशा मुली दिसायला-वाढायला पूर्णपणे मुली असतात, फक्त गर्भाशय नसतं. आणि जे एक्सएक्स पुरुष वर सांगितले, ते अंदाजे २० हजार पुरुषांत एक असतात. त्यांना बहुतेक वेळा लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासायला गेल्यावर कळतं. तेही आधी बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर, कारण आपल्याकडं रांग तिच्यापासूनच सुरू होते.

निसर्गाला तर एसआरवायचं एवढं कौतुकही नाही. जपानच्या अमामी बेटावरच्या काटेरी उंदरांत वाय गुणसूत्रच नाही, एसआरवायही नाही, तरी नर जन्मतातच. सॉक्स-नाइनच्या शेजारी डीएनएचा एक तुकडा दुप्पट झालाय आणि त्यानंच काम भागवलंय, हे २०२२ मध्ये कळलं. इतकं लांब कशाला, पेंच किंवा नवेगाव-नागझिऱ्याच्या सफारीत तुम्हाला भेकर दिसलं असेल, कुत्र्यासारखं भुंकणारं. त्याच्या मादीत ६ गुणसूत्रं असतात आणि नरात ७! सस्तन प्राण्यांत इतकी कमी कोणाचीच नाहीत. वाघ दिसला नाही म्हणून तोंड पाडून परत येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

२०२५ मध्येच एक जपानी संशोधन आलं. गरोदर उंदरीणीला लोह फार कमी पडलं तर एसआरवाय नीट चालू होत नाही आणि थोड्या एक्सवाय पिल्लांत अंडाशय तयार होतं, असं त्यात दिसलं. हे उंदरांतलं आहे आणि तेही लोह टोकाचं कमी केल्यावरचं. ‘लोह खा, मुलगा होईल’ असा मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरायच्या आधीच हे सांगून ठेवलेलं बरं. बाळाचा एक्स की वाय हे गर्भ राहतानाच ठरलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मुलग्यासाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या पुड्या-जडीबुटीला इथं काही वावच नाही, त्या घेण्यात धोका मात्र आहे. गर्भलिंग तपासणीविरोधात देशातला पहिला कायदा आपल्याच राज्यानं १९८८ मध्ये केला, तरी पुडीवाल्यांचा धंदा काही बसला नाही.

आता मैदानावर परत येऊ. एसआरवायची टेस्ट खेळात नवी नाही. १९९२ पासून ऑलिम्पिकमध्ये ती होत होती. १९९६ ला अटलांटात ३३८७ महिला खेळाडूंची तपासणी झाली, ८ जणींमध्ये एसआरवाय सापडला. सात जणींना एआयएस होतं, एकीला टेस्टोस्टेरॉनचं पुढचं रूप न बनण्याचा दोष. आठही जणींना खेळू दिलं. मग १९९९ मध्ये ऑलिम्पिक समितीनं ही तपासणीच थांबवली. पंचवीसेक वर्षांनी ती परत आलीय. नव्या नियमात पूर्ण एआयएस असलेल्यांना सवलत आहे, हे मान्य करायला हवं. आणि ज्या एक्सवाय स्त्रियांच्या शरीराला टेस्टोस्टेरॉन ‘ऐकू येतं’ त्यांना स्नायूंचा फायदा मिळतो का, हा प्रश्न खोटा नाही. शर्यतीत शेजारच्या लेनमध्ये धावणारी मुलगीही तिची चार वर्षं पणाला लावूनच आलेली असते. वाद आहे तो त्याचं उत्तर एका जीनकडं मागण्याचा. एसआरवाय असणं म्हणजे वृषण असणं नव्हे, वृषण असणं म्हणजे टेस्टोस्टेरॉन लागू पडणं नव्हे. ज्या सिंक्लेअर यांनी हा जीन शोधला त्यांनीच ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर लेख लिहून ही सक्ती चुकीची असल्याचं सांगितलं. जीन शोधणाराच म्हणतोय की याच्यावर एवढा भार टाकू नका, तेव्हा ऐकायला हवं असं मला वाटतं.

आपल्या देशाला याची झळ जुनी आहे. तमिळनाडूच्या शांती सौंदराजननं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्य जिंकलं. वीटभट्टीवर राबणाऱ्या घरातली पोरगी. लिंगचाचणीनंतर पदक गेलं आणि बातमी देशभर टीव्हीवर चालली. रिपोर्ट हा पेशंटचा खासगी कागद असतो, हे कोणाला आठवलंच नाही. २०१४ मध्ये द्युती चंदला राष्ट्रकुल स्पर्धेतून वगळलं, पण ती क्रीडा लवादापर्यंत गेली आणि २०१५ मध्ये त्या वेळचे टेस्टोस्टेरॉनचे नियम स्थगित करून घेतले.

आपल्या राज्यातली दोन प्रकरणं मात्र थोडी बरी संपली. बीडच्या माजलगावची पोलीस शिपाई ललिता साळवे. २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी सुट्टी मागितली, तर भरती महिला म्हणून झाली आहे या कारणावरून नकार आला. तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं होतं. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, शेवटी सरकारनं परवानगी दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे आजही त्याच खात्याचे म्हणून ओळखले जातात. आणि नाशिकची ती मुलगी? मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं पाऊल उचललं. तिचा यात काही दोष नाही, ती मुलगी म्हणूनच जगत आली आहे, हे न्यायालयानं नोंदवलं. सरकारनंही सहानुभूतीनं बघायचं कबूल केलं आणि पोलीस खात्यातच, पण शिपाई सोडून दुसऱ्या पदावर तिला घ्यायची प्रक्रिया दोन महिन्यांत करा, असं ठरलं. शिपाई का नाही, हा प्रश्न उरतोच. ८०० मीटर तर ती पळालीच होती ना?

दोन्ही प्रकरणांत खटकतं ते हे, की रिपोर्ट आधी ऑफिसला कळतो आणि माणसाला त्याचा अर्थ शेवटी. तो क्रम तुम्हाला तुमच्यापुरता उलटा करता येतो. तुमची, बहिणीची किंवा मैत्रिणीची पाळी पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत आली नसेल, तर ‘आमच्याकडं उशिराच येते’ म्हणून बसू नका. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्सच्या स्त्रीरोग ओपीडीत जा. भरतीची तारीख यायची वाट बघू नका. डॉक्टर सोनोग्राफी सांगतील, हार्मोनची रक्ततपासणी सांगतील, गरज वाटली तर गुणसूत्रांची तपासणी लिहून देतील. मुलांमध्ये जन्मापासून एक किंवा दोन्ही वृषण खाली उतरलेले नसतील तर लाजून लपवायचं काही नाही, तेही लवकर दाखवायचं असतं.

समजा रिपोर्टवर ४६ एक्सवाय असं आलं. पहिलं म्हणजे ती मुलगी कालपर्यंत जी होती तीच आज आहे, नाव-कपडे-कॉलेज काही बदलत नाही. दुसरं, हा रिपोर्ट स्वायरचा असेल तर पोटातल्या त्या पट्ट्यांमध्ये गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून त्या सहसा काढून टाकायला सांगतात आणि हे टाळायचं नसतं. तिसरं, हार्मोनच्या गोळ्यांनी पाळी येऊ शकते, हाडं मजबूत राहतात. स्वायरमध्ये गर्भाशय असल्यानं दात्याच्या बीजावर गर्भधारणाही होऊ शकते, तशी बाळं जगात जन्मलेली आहेत. एआयएसमध्ये गर्भाशय नसतं, पण पोटातलं वृषण कधी काढायचं, काढायचं की नाही, याची घाई नसते. ते वय वाढल्यावर त्या मुलीला विचारून ठरवता येतं. तो रिपोर्ट कोणाला दाखवायचा, तेही तिनंच ठरवायचं.